जुन्या डिझेल गाडीचे पाणी कुठे जाते? कूलंट कमी होणे आणि इंजिन तापणे यांचे पायरीपायरीने निदान

पंधरा-वीस वर्षे चाललेली बोलेरो, सुमो किंवा तशीच एखादी डिझेल गाडी गरम होऊ लागली की गॅरेजमधला क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला जातो, मग रेडिएटर उतरवून साफ केला जातो, त्यानंतर वॉटर पंप बदलला जातो आणि तरीही तापमानाचा काटा वर जातच राहिला तर 'हेड उतरवावे लागेल', म्हणजे सिलिंडरवरचा इंजिनाचा भाग खोलावा लागेल, असा निरोप मालकाला मिळतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे जातात आणि मूळ बिघाड मात्र शेवटपर्यंत अंदाजाचाच विषय राहतो. एकही सुटा भाग बदलण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले, तर यातला बराच खर्च टळतो. तो प्रश्न असा: पाणी आधी कमी झाले आणि म्हणून गाडी तापली, की गाडी आधी तापली आणि म्हणून तिने पाणी बाहेर फेकले? पहिल्या प्रकारात गळती शोधायची असते. दुसऱ्या प्रकारात उष्णता बाहेर का पडत नाही, किंवा ती नेहमीपेक्षा जास्त का निर्माण होते, हे पाहायचे असते.

पुढची माहिती मुख्यतः रेडिएटरवर दाबाचे झाकण, पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा असलेल्या जुन्या गाड्यांना लागू पडते. १९९४ मध्ये आलेली सुमो आणि २००० मध्ये आलेली बोलेरो यांच्या सुरुवातीच्या गाड्या या गटात येतात. नव्या कॉमन रेल गाड्यांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर पाण्याने थंड करणारा भाग) यांची भर पडते, पण तपासण्याचा क्रम फारसा बदलत नाही.

गरम इंजिनाशी वागताना

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असते आणि दाब सुटताच ते वाफेसकट तोंडावर आणि हातांवर येते. इंजिन बंद केल्यावर किमान पाऊण तास थांबावे, वरचा होज पाइप हाताने सहज दाबला जातो याची खात्री करावी आणि मगच जाड गोणपाट धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. फुस्स असा आवाज पूर्ण थांबल्यावरच ते काढावे.

रस्त्यात काटा चढू लागला तर काय करावे, हे पाणी शिल्लक आहे की नाही यावर ठरते. पाणी असेल, वाफ दिसत नसेल आणि चढ किंवा ओझे हे कारण स्पष्ट असेल, तर गाडी बाजूला घेऊन एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि इंजिन किंचित वाढवलेल्या आयडलवर चालू ठेवावे, कारण इंजिन बंद होताच पंप आणि पंखाही थांबतात. दोन-तीन मिनिटांत काटा उतरू लागला नाही तर इंजिन बंद करावे. वाफ येत असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर एक क्षणही न थांबता ते बंद करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे म्हणजे हेडला तडा जाण्यास आमंत्रण आहे.

काट्याविषयीही एक सावधगिरी बाळगावी लागते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पाणी पूर्ण गेले की तो हवेत लोंबकळतो आणि इंजिन आत जळत असताना काटा खाली येतो. चढात वर गेलेला काटा अचानक खाली आला आणि त्याच वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर सुटकेचा निःश्वास न टाकता लगेच थांबावे. याउलट हेडलाइट लावताच काटा वर उडी मारत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगच्या तारेत असतो.

आधी मोजावे

'पाणी पिते' ही तक्रार मोजल्याशिवाय उपयोगाची नसते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी रोजच्याच सपाट जागी उभी असताना रेडिएटर भरलेला आहे का ते पाहावे आणि रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीवरच्या पातळीला मार्करने खूण करावी. रोज त्याच वेळी पातळी पाहून किती पाणी घातले आणि गाडी कुठे, किती चालली याची वहीत नोंद करावी. आठवडाभराची ही नोंद मेकॅनिकला कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगते. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवावा, म्हणजे थेंब नेमका कुठे पडतो ते कळते. फक्त एसीच्या निचऱ्याचे स्वच्छ पाणी गळती समजू नये. कूलंट हाताला किंचित चिकट लागते आणि त्याला रंग असतो.

जुन्या गाडीत परतीची बाटली नसेल तर रेडिएटर गळ्यापर्यंत भरूच नये. पाणी गरम होऊन फुगते, जास्तीचे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जाते आणि मग पातळी गळ्याखाली दोन-तीन सेंटिमीटरवर आपोआप स्थिर होते. अनेक मालक रोज सकाळी ते पाणी पुन्हा काठोकाठ भरतात आणि गाडी रोज पाणी पिते असे समजतात. आठवड्याच्या नोंदीत रोजची भर सारखीच आणि थोडी असेल, तर आधी हेच तपासावे.

झाकणापासून सुरुवात

संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण, आणि दुर्लक्षही सर्वांत जास्त त्याच्याकडेच होते. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर ते आत ०.९ बार, म्हणजे सुमारे १३ पीएसआय दाब धरून ठेवते. या दाबामुळे समुद्रसपाटीला साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही.

आता पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढणारी गाडी डोळ्यांसमोर आणावी. सुमारे १३५० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. ८२ अंशांना उघडू लागणारा थर्मोस्टॅट साधारण त्याच सुमारास पूर्ण उघडलेला असतो. म्हणजे झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर इंजिनात दुसरा कोणताही दोष नसतानाही माथ्यावर पोहोचता पोहोचता पाणी उकळून बाहेर पडते. सपाटीवर दिवसभर बिनतक्रार चालणारी आणि फक्त घाटमाथ्यावर पाणी फेकणारी गाडी दिसली, की आधी त्याच आकड्याचे नवे झाकण लावून पाहावे. जास्त दाबाचे झाकण मात्र लावू नये, कारण त्यामुळे जुना रेडिएटर आणि हीटरची जाळी फुटते.

झाकणात मधोमध एक छोटी उलटी झडप असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये येऊ देते. ती अडकली तर सकाळी खालचा किंवा वरचा होज पाइप चपटा झालेला आढळतो आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असतो.

बाहेरची गळती

गळती शोधण्याचे खरे साधन म्हणजे रेडिएटरच्या गळ्यावर बसणारा हातपंप. थंड इंजिनात पाणी पूर्ण भरून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पंपावरचा दाबाचा काटा स्थिर राहिला तर थंड अवस्थेत बाहेर गळती नाही असे म्हणता येते. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधायला लागावे. हा पंप बऱ्याच छोट्या गॅरेजांत नसतो, पण रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात तो किंवा त्याची देशी आवृत्ती हमखास सापडते.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला पेन्सिलीच्या जाडीचे एक भोक असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे यासाठीच ते ठेवलेले असते. गरम इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाळतो, त्यामुळे तिथे ओल क्वचितच दिसते. दिसतो तो भोकापासून खाली उतरलेला पांढरट किंवा हिरवट खारा ओघळ, आणि पंखा वेगात फिरत असेल तर बोनेटच्या आतल्या बाजूला आडवी उमटलेली बारीक ठिपक्यांची रेष. पंख्याचे पाते धरून पुढेमागे हलवल्यावर ढिलेपणा जाणवला तर पंप बदलावाच. त्या भोकात एम-सील भरून 'गळती बंद' केलेले पंपही मी पाहिले आहेत. तिथले पाणी मग बेअरिंगमध्ये जाते आणि एक दिवस पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसतो.

होज पाइपच्या काही क्लिपा फक्त कडाक्याच्या सकाळी गळतात, कारण थंडीत रबर आकसते आणि इंजिन तापल्यावर ते फुगून फट बुजते. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटेची तपासणी वेगळी करावी. होज पाइप दाबल्यावर करकरत असेल किंवा तेलाच्या संपर्काने मऊ आणि फुगीर झाला असेल तर तो बदलावा. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या आतून गंजतात, विशेषतः वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी घातलेल्या इंजिनात. यातली मागची टोपी गिअरबॉक्सच्या बाजूला असते आणि तिची गळती क्लच प्लेटच्या घरातून खाली ठिबकताना दिसते.

बाहेर काहीच सापडत नसेल तर डॅशबोर्डखाली हात घालावा. हीटरची जाळी फुटली की पुढच्या गालिच्याखाली ओल येते, काचेवर आतून तेलकट धुके बसते आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो. आपल्याकडे बहुतेक मेकॅनिक या जाळीच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून मोकळे होतात. कोकणात ते चालून जाईल, पण पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवण्यासाठी हीटर लागतोच, म्हणून मला ही तडजोड पटत नाही.

आतली गळती: इथे घाई करू नये

बाहेर थेंब नाही आणि तरी पाणी कमी होते, म्हणजे ते सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जात असते. हेड उतरवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी किमान दोन वेगवेगळ्या तपासण्यांचे उत्तर सारखे यायला हवे.

पहिली तपासणी फुकटात होते. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज हातात धरून इंजिन सुरू करावे. पाणी तापून दाब तयार व्हायला काही मिनिटे लागतात. होज अजून थंडच असताना पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे ही खूण डिझेलमध्ये फार लवकर आणि स्पष्ट मिळते.

दुसरी तपासणी बुडबुड्यांची. रेडिएटर पूर्ण भरून, झाकण लावून, ओव्हरफ्लोच्या नळीचे टोक पाण्याच्या पारदर्शक बाटलीत बुडवावे. पाणी नुकतेच भरले असेल तर सुरुवातीला अडकलेली हवा येते, ती लक्षात घेऊ नये. हवा निघून गेल्यावरही रेस दिल्याबरोबर बुडबुड्यांची अखंड माळ येत असेल तर गेलेले गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) किंवा हेडचा तडा हेच कारण संभवते. पंपाच्या बाजूने हवा ओढली जाते की काय अशी शंका असेल, तर थंड इंजिनाचा पट्टा काढून मिनिटभरच ही तपासणी पुन्हा करावी. मात्र अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि तोही त्याच पट्ट्यावर चालतो, म्हणून पट्टा काढलेली गाडी जागची हलवू नये. रस्त्यात बॅटरीचा दिवा लागणे, काटा चढणे आणि ब्रेक कडक होणे या तीन गोष्टी एकदम घडल्या, तर पट्टा तुटला असे समजावे.

निळे द्रावण पिवळे होण्याची रासायनिक तपासणीही मिळते. तिच्यात एक अडचण आहे. डिझेल इंजिन आयडलवर भरपूर हवा आणि अगदी थोडे इंधन घेते, त्यामुळे त्याच्या वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग बदलायला वेळ लागतो. इंजिन गरम करून, थोडी रेस ठेवून ही तपासणी जास्त वेळ करावी आणि रंग बदलला नाही एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष ठरवू नये.

सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो म्हणून गॅस्केट गेले, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. थंड डिझेल इंजिन न जळलेल्या इंधनाचाही पांढरा धूर सोडते. त्या धुराने डोळे चुरचुरतात आणि त्याला डिझेलचा वास असतो. कूलंटचा धूर वाफेसारखा दाट, गोडसर वासाचा असतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही.

ऑइलची काडी आणि रेडिएटर दोन्ही एकत्रच पाहावेत. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे रेडिएटरमध्ये तेलाचा काळा-तपकिरी थर आणि काडीवरचे ऑइल मात्र स्वच्छ असे चित्र दिसले, तर गॅस्केटआधी ऑइल कूलरवर (पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. ऑइल दुधाळ झाले असेल तर गाडी त्या क्षणापासून चालवू नये. ज्या इंजिनांचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) थेट पाण्यात बसवलेले असतात, त्यांत लायनरच्या बुडाच्या रबरी रिंगा कडक होऊनही पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत उतरते. चेंबर खोलून, हातपंपाने दाब देऊन, खालून पाहिले तर थेंब कोणत्या लायनरवरून येतो ते डोळ्यांनी दिसते आणि हेड विनाकारण उतरत नाही.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्टर मारताच 'ठक' करून अडकली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही आणि डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा इतकी कमी असते की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, त्या भोकांसमोरून चेहरा बाजूला ठेवून इंजिन फिरवावे. ज्या भोकातून पाण्याचा फवारा आला, तो सिलिंडर दोषी.

पाणी पूर्ण आहे, तरी गाडी तापते

गाडी केव्हा तापते हे इथे सर्वांत महत्त्वाचे. टोलनाक्यावर किंवा शहरातल्या गर्दीत तापून मोकळ्या रस्त्यावर थंड होणारी गाडी हवेअभावी तापते. पंख्याचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापल्यावर पंख्याला घट्ट जोडणारा भाग) तपासायचा तर तापलेले इंजिन बंद करून, किल्ली काढून पाते हाताने फिरवावे. त्याला स्पष्ट विरोध जाणवायला हवा. पाते मोकळे गरगर फिरले तर क्लच गेला आहे. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे अपघातानंतर परत बसवलेच नाही, अशा गाड्या पुष्कळ फिरतात. कड्याशिवाय पंखा तीच ती गरम हवा घुसळत राहतो.

मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तापणारी गाडी मात्र पाण्याच्या प्रवाहाअभावी किंवा रेडिएटर चोंदल्यामुळे तापते. एसी असलेल्या गाडीत समोरून कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) स्वच्छ दिसतो, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, किडे आणि ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर पाचटाचा भुसा यांचा नमदा साचलेला असतो. वरचे बोल्ट सैल करून फटीत टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने तो काढावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पापण्या आडव्या होतात. रेडिएटर आतून चोंदला आहे का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीवर ठिकठिकाणी तापमान घेऊन कळते. मधेच एखादा पट्टा बाजूच्या भागापेक्षा बराच थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेचा रेडिएटर टाकी उघडून, सळई घालून साफ करता येतो. प्लास्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर बदलावाच लागतो. गळती बुजवण्यासाठी घातलेली हळद किंवा बाजारातली पावडर एकदा घरी पोहोचवते, पण नंतर याच नळ्यांत जाऊन बसते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की अनेक जुन्या गाड्यांत तो नसतोच. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, थोडे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहते आणि नेमकी चढावर, ओझ्याखाली गाडी तापते. सपाटीवर उलट इंजिन कधी पुरेसे गरम होत नाही, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅटची परीक्षा घरी होते. दोऱ्याने टांगून तो पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, सोबत थर्मामीटर ठेवावा आणि मंद आच द्यावी. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास झडप हलू लागावी आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडावी.

प्रवाहही ठीक असेल तर इंजिनावर जास्तीचा बोजा कशाने पडतो ते पाहावे. ओढ वाढवण्यासाठी डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून घेतलेली गाडी काळा धूर सोडते आणि तापते. घासणारे ब्रेक आणि घसरणारा क्लच यांचाही परिणाम तोच. चालवण्याची सवयही यात येते: चौथ्या गिअरमध्ये घुसमटत चढ चढवला की इंजिनावर भार पूर्ण, पण पंप आणि पंखा संथ. एक गिअर खाली घेऊन फेरे वाढवले, तर काही गाड्यांची तक्रार तिथेच मिटते.

हेड उतरवावेच लागले तर

गॅस्केट बदलणे एवढेच काम नसते. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाकडेपणा मोजावा आणि मशीन शॉपमध्ये हेडला गरम पाण्यात दाब देऊन तडे तपासून घ्यावेत. प्री-कंबशन चेंबर (डिझेल आधी पेटते ती हेडमधली छोटी पोकळी) असलेल्या जुन्या हेडांत दोन व्हॉल्व्हच्या मधे बारीक तडे सापडतात. फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) किती करता येते याला कंपनीने मर्यादा घातलेली असते. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडावी लागते. ती जाडी गॅस्केटच्या कडेवरच्या खाचांनी किंवा भोकांनी दाखवलेली असते. जुने गॅस्केट फेकण्याआधी त्याच्या खाचा मोजून ठेवाव्यात. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या क्रमानेच आवळावेत.

पुन्हा भरताना

इंजिन स्वच्छ पाण्याने धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरावे. रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखता येत नाही, आणि वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाली तर आत गाळ धरू शकतो. भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, हीटर पूर्ण सोडावा, झाकण उघडे ठेवून इंजिन आयडलवर चालवावे आणि वरचा होज अधूनमधून दाबून हवा बाहेर काढावी. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढी भर घालून झाकण लावावे. पहिल्या मोठ्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी, आणि वहीतली नोंद आणखी एक आठवडा तशीच चालू ठेवावी. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते विषारी असते, आणि गोडसर चवीमुळे कुत्री आणि गुरे ते चाटतात.